अणुस्फोटानंतर पडणारी राख आणि आपलं घर: पहिले दोन दिवस कसे काढायचे

टीएलडी बॅज, ठाणे

मे २०२५ मधे देशभर मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो की अणुबॉम्ब पडला तर काहीच करता येत नाही, सगळे जाणार, त्यामुळे विचारच करू नका. परवा परत आला. त्याच्याच खाली दुसरा, मीठ जास्त खा म्हणजे आयोडीन मिळतं. वाचून मला दोन रात्री झोप नीट लागली नाही, कारण दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि दोन्हींमुळे जीव जाऊ शकतो, म्हणून हा धागा.

मी १७ वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमधे टेक्नॉलॉजिस्ट आहे. रोज किरणोत्सारी औषधं हाताळते, छातीवर टीएलडी बॅज असतो, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार आला ते मोजणारा बिल्ला. स्फोटाच्या अगदी जवळ जे असतील त्यांच्यासाठी घरात करण्यासारखं फारसं नाही हे मी लपवणार नाही. पण त्याच्या बाहेरचे, म्हणजे वीस, पन्नास, शंभर किमीवरचे लाखो लोक, त्यांचा जीव पुढच्या एक-दोन दिवसांत ते कुठे बसतात यावर ठरतो. बॉम्ब जमिनीवर किंवा जमिनीलगत फुटला की माती, दगड, सिमेंट सगळं वर ओढलं जातं, त्याला किरणोत्सारी द्रव्यं चिकटतात आणि वाऱ्याबरोबर ती धूळ खाली पडत जाते. तोच फॉलआउट. मीठ किंवा रवा पडल्यासारखी दिसू पण शकते. हिरोशिमात बॉम्ब साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला त्यामुळे तिथे अशी राख त्या मानाने कमी पडली, पण १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनचा बॉम्ब जमिनीच्या पातळीवर फोडला तेव्हा दीडशे किमीवरच्या राँगेलॅप बेटावर काही तासांनी पांढरी राख पडायला लागली. पोरं त्यात खेळली. कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं की आत जा म्हणून. दोन दिवसांनी त्यांना तिथून हलवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही धूळ फार झपाट्याने थंड होते. थंड म्हणजे तापमान नाही, किरणोत्सार. आमच्यात एक ठोकताळा आहे, स्फोटानंतरची वेळ सातपट झाली की डोसचा वेग, म्हणजे तासाला अंगावर येणारा किरणोत्सार, दहावा हिस्सा होतो. स्फोटानंतर एका तासाने बाहेर १००० असेल तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १०, दोन आठवड्यांनी १. म्हणजे राख तासाभरात पडली असं धरलं तर दोन आठवडे उघड्यावर राहून जेवढा डोस मिळेल त्यातला जवळजवळ निम्मा पहिल्या सहा-सात तासांतच मिळून जातो, आणि नेमकं त्याच वेळात लोक गाडी काढून हायवेला जाऊन ट्रॅफिकमधे अडकतात. गाडीचा पत्रा फारसं काही अडवत नाही हो.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. पळू नका. आत जा, जाड भिंतींच्या मधे जा, आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास बाहेर पडू नका.

---

चिंचपोकळी

धागा काढलात बरं केलंत ताई. ७१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो, आमच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, भोंगा झाला की वडील दिवा मालवायचे आणि आम्ही सगळे खोलीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसायचो. आजी म्हणायची गॅलरीत जायचं नाही, आणि आम्हाला नेमकं गॅलरीतच जायचं असायचं. तेव्हा कारण माहीत नव्हतं. आत्ता तुमचं वाचून विचारतो, आमची इमारत आता पाडून २२ मजली टॉवर झालाय आणि मी १९ व्या मजल्यावर. मग मी काय करायचं? खाली पार्किंगमधे जाऊ का?

---

टीएलडी बॅज

काका, पार्किंग कुठलं आहे त्यावर आहे. जमिनीखाली असेल तर उत्तम, तिथेच जा. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी स्टिल्ट पार्किंग असतं, खांब आणि चारी बाजूंनी मोकळं, तिथे राख शेजारीच जमिनीवर पडलेली असणार, तिथे थांबायचं नाही.

राख दोनच ठिकाणी साठते, गच्चीवर आणि जमिनीवर. त्यामुळे वरचे तीनेक मजले आणि खालचे दोन-तीन मजले सोडून मधे कुठेतरी, आणि त्या मजल्यावर पण बाहेरच्या भिंतीपासून लांब, म्हणजे लिफ्ट आणि जिन्याच्या मधली लॉबी, आतला पॅसेज, बाथरूम. स्लॅबचा हिशेब सांगते. साधारण ६ सेमी काँक्रीट गॅमा किरणं, म्हणजे राखेतून निघून भिंतीतूनही आरपार जाणारी किरणं, निम्मी करतं. आपला स्लॅब पाच इंचाचा म्हणजे १२ सेमीच्या आसपास, म्हणजे एक स्लॅब मधे आला की चौथा हिस्सा, दोन आले की सोळावा, तीन आले की चौसष्टावा. तुम्ही १९ व्यावरून १०-११ व्यावर कोणाच्या तरी घरी उतरलात की काम झालं. त्या घरी आज चहाला जाऊन यायचं आणि बोलून ठेवायचं. खरंच सांगते, तयारीतली निम्मी गोष्ट हीच आहे. आमच्या सोसायटीत मी सहाव्या मजल्यावरच्या वहिनींशी बोललेय, वरची चार कुटुंबं त्यांच्या पॅसेजमधे येणार हे ठरलंय.

आकड्यांत बघा. समजा स्फोटानंतर एका तासाने बाहेर ताशी १००० मिलिसिव्हर्ट आहे (हे डोस मोजायचं माप). उघड्यावर २४ तास काढले तर २४०० च्या आसपास, म्हणजे उलट्या, रक्तपेशी घसरणं, हॉस्पिटल, काहींचा मृत्यू. तोच माणूस जिथे ४० पट संरक्षण आहे, म्हणजे बाहेरच्या चाळिसावाच हिस्सा पोचतो, तिथे बसला तर ६०. आम्हाला कामावर वर्षाची सरासरी मर्यादा २० असते. म्हणजे तीन वर्षांचं एकदम घेतलं, चांगलं नाही, पण माणूस आजारी पडत नाही.

आणि तुमच्या आजीचं गॅलरीबद्दल अगदी बरोबर होतं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कला उल्का फुटली, आकाशात प्रचंड उजेड झाला, काय झालं बघायला लोक खिडकीत गेले आणि दोनेक मिनिटांनी धक्का आला, काचा फुटल्या, दीड हजारांच्या आसपास लोक जखमी, बहुतेक काचांनीच. अणुस्फोटात पण हेच. उजेड दिसला की खिडकीकडे बघायचं सुद्धा नाही, खाली पडायचं, डोकं आणि मान झाकायची, आवाज येऊन जाईपर्यंत. त्यानंतर राख यायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, लांब असाल तर जास्त, तेवढ्यात सगळ्यात बऱ्या जागी पोचायचं.

---

कौलारू, राजापूर

आमच्याकडे स्लॅबच नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती दीड फुटी पण वर कौलं. राख कौलांवर पडली की डोक्यावरच की. आणि विहीर उघडी, दोन म्हशी, गोठ्याला झापांचं छप्पर. शहरातल्यांना पॅसेज आहे, आम्ही काय करायचं ते पण लिहा.

---

टीएलडी बॅज

दादा चांगला प्रश्न. भिंती तुमच्या माझ्यापेक्षा जाड आहेत, अडचण फक्त छपराची. माजघरात, चारी बाजूंना खोल्या असतील अशा जागी, भक्कम टेबल किंवा जुना लाकडी पलंग घ्या. त्याच्या वर आणि बाजूंना वजनदार जे मिळेल ते रचा. भाताची पोती, मातीची पोती, पुस्तकं, पाण्याने भरलेली पिंपं. ९ सेमी दाबलेली माती निम्मं करते, पाणी १८ सेमीला निम्मं करतं, म्हणजे भरलेलं पिंप बाजूला उभं केलं तर तो एक भिंतीचा तुकडाच झाला आणि प्यायला पण झालं. फक्त वर ठेवलेलं वजन पलंगाने पेललं पाहिजे, आधी बघून ठेवा, कोणाच्या अंगावर कोसळायला नको. सगळ्यांनी ४८ तास त्यात आडवं पडून राहायचं असं नाही, पहिले सात-आठ तास मात्र त्यातच. पोरं आणि पोटुशी बाई सगळ्यात आत.

विहिरीवर ताडपत्री टाकायची ती राख पडायच्या आधी. नंतर बाहेर जाऊन टाकू नका, तेवढ्यासाठी डोस घेण्यात अर्थ नाही. बोअरचं पाणी चांगलं असतं. आणि उकळून काही होत नाही हे लक्षात ठेवा, उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सार तसाच राहतो.

---

दोन लेकरांची आई

मी रोज वाचतेय पण लिहायचं धाडस होत नव्हतं. ताई तुम्ही म्हणता पळू नका. माझी मुलगी चौथीत, मुलगा सिनियर केजीला, शाळा घरापासून तीन किमी आणि मी ऑफिसला दुसऱ्याच टोकाला. तुम्ही मला काहीही हिशेब सांगा, स्लॅब सांगा, सिव्हर्ट सांगा, असं काही झालं तर मी शाळेकडे धावत सुटणार. २६ जुलैला माझी आई गळ्याएवढ्या पाण्यातून मला आणायला आली होती, मी तेव्हा सातवीत होते. आई अशीच असते ना?

---

टीएलडी बॅज

तुझं वाचून कितीतरी वेळ काय लिहू कळेना. मला पण मुलगी आहे, भायखळ्याला कॉलेजात. मी हे सगळं शिकलेली असून सुद्धा पहिला विचार तिच्याकडे जायचाच येतो, त्यामुळे तुला वेडी म्हणणार नाही.

पण २६ जुलैचं पाणी दिसत होतं, कुठे खोल कुठे उथळ ते तुझ्या आईला कळत होतं. हे कळत नाही. तू तीन किमी त्या वेळात चाललीस तर तुझ्या केसांवर, ओढणीवर, चपलेवर ती राख घेऊन तू वर्गात जाणार आणि मुलांना जवळ घेणार. आणि मग त्यांना घेऊन परत तीन किमी. शाळेची इमारत आरसीसी असते, आतले पॅसेज असतात, पोरं तिथे तुझ्या घरापेक्षा कदाचित जास्त सुरक्षित असतील. तू ऑफिसात थांबलीस आणि ती शाळेत थांबली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिघं भेटाल.

हे त्या क्षणी ठरवता येत नाही, आधीच ठरवून ठेवावं लागतं. आमच्या घरात ठरलंय की जो जिथे असेल तो तिथल्याच पक्क्या इमारतीत थांबेल, कोणी कोणाला आणायला जायचं नाही. सगळ्यांनी सोलापूरला माझ्या मावशीला एसएमएस करायचा, कारण अशा वेळी गावातल्या गावात फोन लागत नाहीत आणि बाहेरगावी एखादा मेसेज निसटतो. मावशीचा नंबर मुलीला पाठ आहे, मोबाइलमधे नाही, पाठ. एकदा शाळेत जाऊन विचार की असं काही झालं तर मुलांना कुठे बसवणार. बाकीच्या आया पण येतील तुझ्याबरोबर.

---

ऑरेंज सिटी

नागपूरकडून. दोन प्रश्न. एक, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, घरोघरी कूलर, तो बाहेरचीच हवा खसच्या ताट्यांतून आत ओढतो. बंद करून दोन दिवस बसायचं म्हणजे म्हातारी माणसं उष्म्यानेच जातील. दुसरं, दारं-खिडक्या सेलोटेपने सील करा असं कुठेतरी पाहिलं होतं, करायचं का?

---

टीएलडी बॅज

कूलर बंदच, तो म्हणजे धूळ ओढायचं यंत्र आहे. किचन-बाथरूमचा एक्झॉस्ट पण बंद. साधा पंखा चालेल, स्प्लिट एसी चालेल, तो खोलीतलीच हवा फिरवतो. वीज बहुतेक नसेलच हे धरून ओल्या पंच्याने अंग पुसत राहायचं, माठाचं पाणी, ओआरएसची पाकिटं. उन्हाचा धोका तुम्ही म्हणता तसा खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नका, म्हातारं माणूस बरळायला लागलं, घाम यायचा बंद झाला तर राखेपेक्षा ते आधी बघायचं.

सील वगैरे काही करू नका. खिडक्या नेहमीसारख्या लावून घ्यायच्या, मोठी फट असेल तर ओलं फडकं. मोठे कण आत फारसे उडत येत नाहीत, आणि एका छोट्या खोलीत आठ माणसं टेप लावून बसली तर गुदमरतील. गॅस किंवा कोळसा पेटवून बंद खोलीत बसू नका हे पण सांगून ठेवते.

---

थायरॉइडवाली, पुणे

मी डॉक्टर आहे, मिठाचा मेसेज वाचून मला राहवलं नाही. आयोडीनच्या गोळ्या म्हणजे पोटॅशियम आयोडाइड, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅमची एक, त्यात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन. आपल्या मिठात किलोला १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन असतं. म्हणजे तेवढं आयोडीन मिठातून मिळवायचं तर तीन किलोच्या वर मीठ खावं लागेल, त्याआधीच माणूस मरेल. जखमेला लावायचं आयोडीनचं तपकिरी औषध पिऊ नका, तोही एक मेसेज फिरतो.

ही गोळी फक्त थायरॉइडला, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीला वाचवते, ते सुद्धा किरणोत्सारी आयोडीनपासूनच, बाकी कशापासून नाही. लहान मुलं, गरोदर आणि पाजणाऱ्या बायका यांना तिचा खरा फायदा, चाळिशीनंतर फारसा नाही. तीन ते बारा वर्षांना अर्धी म्हणजे ६५, महिन्याच्या वरचं ते तीन वर्षांचं बाळ ३२, त्याहून लहान १६. सरकारने घ्या सांगितल्यावरच घ्यायची, आपल्या मनाने आधीच खाऊन ठेवायची नाही. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताच्या वेळी १९८६ मधे पोलंडने एक कोटीच्या वर मुलांना पटापट आयोडीन पाजलं. तिकडे खुद्द सोव्हिएत भागात मुलं गाईचं ताजं दूध पीत राहिली आणि पुढे हजारोंना थायरॉइडचा कॅन्सर झाला. गाईने गवत खाल्लं, गवतावर आयोडीन, ते दुधात, दुधातून पोरांच्या गळ्यात. बहुतेकांवर उपचार झाले, ते वाचले, पण दूध थांबवलं असतं तर त्यातलं बरंचसं टळलं असतं.

कौलारू दादा, म्हणून तुमच्या म्हशी आत बांधा, झाकून ठेवलेला सुका पेंढा घाला, हिरवा चारा नको. आणि दूध पोरांना द्यायचं नाही, दूध पावडर वापरा. त्या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो, म्हणजे हा काही कायमचा वनवास नाही. स्ट्रॉन्शियम-सिझियम ही दुसरी किरणोत्सारी द्रव्यं जास्त काळ राहतात, पण ते सरकार मोजून सांगेल.

---

बोईसरकर

आम्ही तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या १६ किमीच्या आत राहतो. प्लांट १९६९ पासून चालू आहे. आमच्याकडे अधूनमधून ऑफसाइट ड्रिल, म्हणजे प्लांटबाहेरच्या गावांसाठीचा सराव होतो, गाड्या फिरतात, स्पीकरवरून घरात थांबा सांगतात, शाळेत पोरांना बसवून ठेवतात. मला म्हणायचंय की लोक अणुभट्टीचा अपघात आणि बॉम्ब हे एकच समजतात. भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. ताई, तो सातपट-दहावा हिशेब भट्टीला पण लागू का?

बाकी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारत-पाकिस्तानमधे एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार आहे, ३१ डिसेंबर १९८८ ला सह्या झाल्या, आणि दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संबंध कितीही ताणले असले तरी देतात. आमच्यासारख्यांना त्या यादीचा फार आधार वाटतो.

---

टीएलडी बॅज

नाही लागू, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं. बॉम्बची धूळ ताजी असते, त्यातली बहुतेक द्रव्यं तासाभरात-दिवसभरात संपणारी. भट्टीत इंधन महिनोन्महिने जळत असतं, त्यामुळे कमी आयुष्याची संपून गेलेली असतात आणि आयोडीन, सिझियम असली टिकणारी बाहेर पडतात. त्यामुळे दोन दिवस थांबून प्रश्न सुटेल असं तिथे नाही, तिथे प्रशासन सांगेल तेव्हा निघायचं. प्रिप्यात गाव चेर्नोबिलच्या शेजारी, स्फोट २६ एप्रिलच्या रात्री दीडच्या आधी झाला आणि लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी हलवलं, मधला सबंध शनिवार पोरं बाहेर खेळत होती. निदान घरात बसा, खिडक्या लावा एवढं सांगितलं असतं तरी फरक पडला असता. तुमच्याकडे ते स्पीकर फिरतात ते याचसाठी.

---

झ्युरिकहून

इथल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात खराखुरा शेल्टर आहे. १९६३ पासून कायदाच आहे, प्रत्येक रहिवाशाला शेल्टरमधे जागा हवी. दार सिमेंटचं, हाताच्या विती एवढं जाड, एकट्याने ओढायला जड जातं. आत हवा गाळायचं यंत्र, वीज गेली तर हाताने फिरवायचा दांडा. एरवी तिथे आम्ही सायकली, बटाटे, जुन्या बॅगा ठेवतो, आदेश आला की पाच दिवसांत रिकामं करायचं असतं. अणुभट्टीपासून ५० किमीच्या आतल्या प्रत्येक घरी आयोडीनच्या गोळ्या पोस्टाने येतात, आमच्या पासपोर्टच्या डब्यात आहेत. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी देशभर भोंगे वाजवून बघतात.

हे बडेजाव म्हणून लिहीत नाहीये. आई-बाबा कल्याणला चौथ्या मजल्यावर एकटे असतात, बाबांना गुडघ्याचा त्रास. मी इथे त्या दारामागे आणि ते तिथे, हा विचार करवत नाही. त्यांच्यासाठी नेमकं काय आणून ठेवू ते सांगा, मी पुढच्या महिन्यात येतेय.

---

टीएलडी बॅज

चार मजलीच बिल्डिंग असेल आणि ते सगळ्यात वर असतील तर दुसऱ्या मजल्यावरच्या कोणाशी तरी बोलून ये, हे सगळ्यात आधी. बाबांना जिना उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ, दहा मिनिटांत जमतंय का.

सामान काही खास लागत नाही. पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर, तीन दिवसांचं तरी, झाकणवाल्या कॅनमधे. सेलवर चालणारा रेडिओ ज्यात मीडियम वेव्ह लागतं, कारण नेट आणि टॉवर बंद पडले तरी आकाशवाणी लांबून ऐकू येते, आणि त्याचे सेल वेगळे काढून ठेवायचे, रेडिओत ठेवले तर गळून रेडिओ जातो. बाबांची बीपी-शुगरची औषधं दोन आठवड्यांची जादा. न शिजवता खायचं, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, खाकरे, लाडू, दूध पावडर. बॅटरी. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, झाकणाची बादली, कारण संडासला पाणी नसेल. टाकीतलं पाणी चांगलंच असतं, टाकीला झाकण आहे ना एवढं बघ. किरणं पाण्यातून गेली म्हणून पाणी किरणोत्सारी होत नाही, एक्स-रे काढला की आपण होत नाही तसं. राख पडली तरच. पाकीटबंद, डबाबंद, फ्रिजमधलं सगळं खाता येतं, वरून ओल्या फडक्याने पुसायचं.

आता जो कोणी बाहेरून आत येईल त्याच्याबद्दल, हे मी माझ्या डोळ्यांनी रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे टेक्नेशियमची (हे आमचं नेहमीचं किरणोत्सारी औषध) सिरिंज एका नवीन मुलीच्या हातून निसटली, चार थेंब उडाले. दिसायला काहीच नाही, फरशी कोरडी दिसत होती. किरणोत्सार मोजायचा मीटर तिच्या बुटाजवळ नेला आणि तो कडकडायला लागला, ती पांढरीफटक पडली. बूट काढून पिशवीत घातले, एप्रन उलटा गुंडाळत काढला, ग्लोव्ह्ज काढले, परत मीटर लावला तर जवळपास सगळं त्या पिशवीत गेलेलं. मनगटावर एक ठिपका राहिला होता तो साबण आणि कोमट पाण्याने दोनदा धुतला, घासायचं नाही, कातडी सोलली तर आत जातं. गेला. ती रडत होती, मी तिला मीटर हातात दिला आणि म्हटलं तूच बघ. तेव्हा थांबली.

राखेचं असंच आहे. वरचे कपडे दारातच काढले की ९० टक्क्यांपर्यंत धूळ तिथेच जाते. कपडे पिशवीत, गाठ मारून माणसांपासून लांब. मग आंघोळ, साबण-शॅम्पू चालेल, कंडिशनर नको, तो धूळ केसांना धरून ठेवतो, केसांना तेल असेल तर शॅम्पू दोनदा. पाणी नसेल तर ओल्या फडक्याने तोंड, हात, मान, केस पुसायचे, नाक शिंकरायचं, कान पुसायचे. आणि कोणी उशिरा दारात आला तर त्याला घाबरून बाहेर ठेवू नका. कपडे काढायला लावा, पुसा, आत घ्या. त्याच्यापासून संसर्ग होत नाही.

---

कौलारू, राजापूर

पलंग आजोबांच्या वेळचा सागवानी आहे, त्यावर काल सहा पोती ठेवून बघितली, हलला नाही. विहिरीला ताडपत्री मापाची आणली, चार कोपऱ्यांना दगड बांधून ठेवलेत, पावसात पण उपयोगी पडेल. गोठ्याचं काय ते बघतोय, निदान पेंढ्याची उडवी तरी झाकून घेतो.

---

चिंचपोकळी

११ व्या मजल्यावर जाऊन आलो. एक तरुण जोडपं आहे, सहा महिने झाले राहायला येऊन, नाव पण माहीत नव्हतं मला. त्यांनी लिफ्टशेजारची स्टोअर रूम दाखवली, खिडकी नाही, चार माणसं सहज बसतील. मी दोन पाण्याचे कॅन तिथे नेऊन ठेवले.

---

दोन लेकरांची आई

आठवडाभराने लिहितेय. आम्ही पाच जणी शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंना आधी वाटलं आम्ही फीबद्दल भांडायला आलोय. नीट ऐकून घेतलं त्यांनी. तीन मजली शाळा आहे, सगळे वर्ग खिडक्यांचे, पण पहिल्या मजल्यावर लायब्ररी आणि प्रयोगशाळेच्या मधे लांब पॅसेज आहे, दोन्हीकडून भिंती, वर दोन स्लॅब. तिथे पहिली ते चौथीची मुलं बसू शकतात असं बाईंनी स्वतः मोजून सांगितलं, मोठ्यांचं बघायचंय अजून. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ते बसवतायत. बाई म्हणाल्या, पालक गेटवर आले तर मी मुलांना सोडू का नको, हे मला लेखी द्या. आम्ही पाच जणींनी दिलं. लिहिताना हात थरथरत होता, सही माझी आहे पण माझी वाटत नाही.

घरी मुलीला सांगितलं, घाबरवलं नाही, भूकंपासारखं काहीतरी झालं तर असं म्हणून. मग तिच्या कंपासमधे ठेवायला चिठ्ठी लिहिली, "बाई सांगतील तिथेच थांब. भावाला जवळ बसव. मी दुसऱ्या दिवशी येईन." तिने वाचली आणि विचारलं, किती वाजता? मला काही सुचेना. शेवटी तिच्यासमोरच खाली लिहिलं, "रेडिओवर निघा म्हणून सांगितलं की लगेच." तेवढ्यावर मानली. मुलाला वाचता येत नाही, त्याच्या दप्तरात माझा आणि दोघांचा फोटो घातलाय.

---

टीएलडी बॅज

चिठ्ठी आणि फोटो दोन्ही लॅमिनेट करून घे, पावसात दप्तर भिजतं. मागच्या बाजूला बाहेरगावचा नंबर लिही, आणि तिच्याकडून तो पाठ करून घे.

---

दोन लेकरांची आई

साताऱ्याला माझ्या आईचा नंबर लिहिलाय. रोज झोपताना म्हणून घेते.